वाईट बातमीचा आवाज

रेडिओ केंद्रावर ताईच्या आवाजाचा मोठा दबदबा होता. बाजारभाव कुणीही वाचावेत, पण कुणा मुलीवर अत्याचार झाल्याची बातमी आली, की कागद न विचारता तिच्यापुढे यायचा. असा तिथला शिरस्ताच पडला होता. ती आवाजाची पट्टी उतरवायची, ‘दुर्दैवी’च्या आधी किंचित थांबायची आणि शेवटी हलकेच श्वास सोडायची. ऐकणाऱ्याला आवंढा आला पाहिजे, असं साहेब म्हणायचे. तो यायचाही. तो गिळून लोक पुढचं हवामान ऐकायचे.

शब्दही ठरलेले. करणारा नेहमी नराधम, मुलगी अभागी, आणि तिचं आयुष्य हमखास उद्ध्वस्त. या नराधमाला कधी घरदार नसायचं, ओळखपाळख नसायची. तो आपला अंधारातून यायचा आणि बातमी संपली की अंधारात जायचा. ताईने हे इतकी वर्षं वाचलं की त्यात काही अर्थ असतो हेच ती विसरून गेली होती.

घरी रेडिओ चालू असायचाच. थोरली बोलतेय म्हटल्यावर आई तो बंद कशी करणार? आई भाजी निवडताना ऐकायची, आणि धाकटी शेजारी बसून गृहपाठ करताना.

ती धाकटी आता नोकरीला लागली होती. एका सुट्टीच्या दुपारी दोघी बहिणी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या, तेव्हा तिने मान वर न करता सांगून टाकलं. शाळेत असताना पोहायला शिकवणारे सर तिला तलावामागच्या खोलीत थांबवून घ्यायचे. काय करायचे तेही तिने सांगितलं, साध्या शब्दांत. ताईच्या हातून चादर सुटली.

इतकी वर्षं गप्प का राहिलीस, असं तिने विचारलं.

“ते तेच आहे हे मला कळलंच नाही गं. तुझ्या बातमीत नराधम असायचा. सर तर बाबा गेल्यावर आईला दवाखान्यात न्यायचे. आईला एकदा आडून सांगून बघितलं, तर म्हणाली, ‘सर तसले नाहीत. तसले कसे असतात ते रेडिओवर रोज ऐकते की मी.’”

आता सर पोहण्याच्या वर्गाला नव्या मुली घेणार होते, म्हणून धाकटीला पोलिसांत जायचं होतं. एकटीने जायचा धीर होत नव्हता. उद्या बरोबर येशील का, एवढंच तिला विचारायचं होतं.

अशा वेळी माणसाने शिव्या घालाव्यात, रडावं, चप्पल घालून सरळ निघावं. ताईलाही हेच सगळं करायचं होतं, यात शंका नको. पण तोंड उघडलं आणि बाहेर पडला तो तिचा कमावलेला आवाज. पट्टी उतरली.

“फार... दुर्दैवी झालं गं,” ती म्हणाली. “तुझं आयुष्य उद्ध्वस्त केलं त्याने.” आणि हलकेच श्वास सोडला.

धाकटीने आता मान वर केली.

“माझं आयुष्य आहे की, ताई. मी कामावर जाते, हसते, अजून पोहते. तू आत्ता माझी बातमी वाचलीस.”

ताईने तिचा हात धरला, ‘चुकलं’ म्हणाली, आणि ते ‘चुकलं’सुद्धा त्याच पट्टीत आलं. ते दोघींनी ऐकलं. धाकटीने हात सोडवून घेतला आणि उरलेल्या घड्या घातल्या. सख्खी बहीण असं बोलते, तर चौकीतले परके काय बोलतील, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती पोलिसांत गेली नाही. ताईने पुढे किती विनवण्या केल्या, पण तो विषय काढला की ती उठून जायची. तिने एकदाच दार उघडलं होतं आणि ताईने ते आपल्या हाताने लावून टाकलं होतं.

मग एका संध्याकाळी ताईपुढे कागद आला. सरांचा सत्कार झाला होता. मुलींच्या नव्या तुकडीची नावनोंदणीही सुरू होती. ती साहेबांना म्हणाली, हे दुसऱ्या कुणाला द्या. साहेबांनी कारण विचारलं. कारण तिचं नव्हतं, धाकटीचं होतं. ते सांगायचा तिला हक्क नव्हता. तेवढ्यात प्रक्षेपण सुरू झाल्याचा लाल दिवा लागला. आनंदाच्या बातमीला पट्टी चढवायची असते, ती आपसूक चढली. ‘मुलींचे लाडके सर’ म्हणताना तिच्या आवाजात हसूसुद्धा आलं. आपल्या गळ्याची तिला किळस आली, पण बातमी कुठे अडखळली नाही.

घरी आली तर आई खुशीत होती.

“काय गोड वाचलंस गं सरांचं! हिला म्हटलं ऐक, तर ही मध्येच उठून न्हाणीघरात गेली. केव्हाची आत आहे.”

ताई न्हाणीघराच्या दाराशी गेली. आत नळ सोडलेला होता आणि त्याच्या आवाजाखाली कुणीतरी तोंड दाबून रडत होतं. हाक मारायला तिने तोंड उघडलं. पण आपल्या गळ्यातून कुठला आवाज निघेल याचा भरवसा वाटेना, म्हणून ते तसंच मिटलं आणि ती दाराबाहेर उभी राहिली.