तरुबालाची धाकटी

माझ्या नवऱ्याच्या, सलीलच्या बदलीची ऑर्डर आली, गार्डन रीचला, रेल्वेच्या मुख्य कार्यालयात, आणि आई भरल्या ताटावरून उठली. "कलकत्त्याला मी यायची नाही. मला इथेच अमरावतीत कुठल्या तरी आश्रमात ठेवा." ऐंशीच्या घरातली बाई, गाव सोडवत नसेल, असं आम्ही धरून चाललो. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी एकुलती एक. शेवटी समजूत काढून तिला आणलंच. क्वार्टरमधली नदीकडची खोली तिला दिली. तिथली खिडकी ती उघडू देत नसे.

मी त्यांची पोटची नाही हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. बाबा अमरावतीत कंपाउंडर होते. एकाहत्तर साली पूर्व पाकिस्तानातून माणसांचे लोंढे बंगालमध्ये आले, तेव्हा ते एका वैद्यकीय पथकाबरोबर कलकत्त्याजवळ सॉल्ट लेकच्या छावणीत गेले. युद्ध संपलं, छावण्या उठायला लागल्या आणि परतताना ते दीड वर्षाच्या मला घेऊन आले. "तुझी आई पटकीने गेली," ते सांगायचे. "घरचं कुणी उरलं नव्हतं. तू माझा शर्ट धरलास तो सोडेचनास." ही गोष्ट मला इतकी आवडायची, की मी ती पुन्हा पुन्हा सांगायला लावत असे. आई त्या वेळी स्वयंपाकघरात निघून जायची.

कलकत्त्यात आल्यावर मला राहवेना. आई पटकीने गेली असली तरी तिचं नाव काय होतं, गाव कुठलं, एवढं तरी कुणाला माहीत असेल की नाही? माझी लेक नूपुर पुण्याहून सुट्टीला आली होती. माझ्या डाव्या पायाची दोन बोटं जन्मापासून जोडलेली आहेत. नूपुरने त्या पायाचा आणि बाबांच्या छावणीतल्या फोटोचा मिळून एक छोटा व्हिडिओ केला आणि निर्वासितांच्या मुलानातवंडांच्या एका फेसबुक ग्रुपवर टाकला. फोन येऊ लागले. बहुतेक सगळे आपापलं कुणी तरी शोधणारे. एक म्हातारे गृहस्थ माझ्याबद्दल काहीही न विचारता बराच वेळ आपल्या बहिणीबद्दल बोलले. शेवटी म्हणाले, "तुम्ही ती नाही, ते माहीत आहे मला," आणि फोन ठेवून दिला.

मग आभाचा फोन आला. बजबजला औषधांच्या दुकानात काम करणारी मुलगी. हिंदीत म्हणाली, "माझ्या आईची हीच बोटं जोडलेली आहेत. आजीचीही होती. पण आईने तुमचा पाय नीट बघितलासुद्धा नाही. तुमच्या वडलांचा फोटो बघितला आणि म्हणाली, हाच तो."

हे ऐकून मला आनंद झाला होता. खरंच, आनंदच झाला होता.

मी आणि सलील माझेरहाटहून लोकलने बजबजला गेलो. ज्यूट मिलच्या मागे चाळीसारख्या खोल्या होत्या. आभाची आई शोभा खाटेवर बसलेली होती. हडकुळी, विधवा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. ती उठली नाही. मी पुढे झाले तर तिने हातानेच थांबवलं आणि चप्पल काढायला सांगितली. माझा पाय बघितला. मग स्वतःचं लुगडं जरा वर करून आपला पाय माझ्या पायाशेजारी ठेवला.

"टुनू," ती म्हणाली.

ते माझं नाव होतं. आपल्या आईचं नाव तरुबाला, गाव खुलन्याकडचं, हेही तिने सांगितलं. माझं मोडकंतोडकं बंगाली आणि आभाचं हिंदी, यांवर आमचं बोलणं चाललं.

"सॉल्ट लेकला गटारासाठी मोठाले पाइप आणून टाकलेले होते. त्यातल्या एका पाइपात आपण राहायचो. बाबा, मा, आपले दोन भाऊ, मी आणि तू. तू जुलाबाने मरायला टेकलीस म्हणून तुला मुलांच्या तंबूत ठेवलं. पाठोपाठ मा आजारी पडली, तिला शहरातल्या इस्पितळात नेलं. मी रोज तुला बघायला तंबूत यायची. हा माणूस तुला चमच्याने पाणी पाजायचा. चांगला होता. मलाही बिस्कीट द्यायचा. मी त्याला रोज सांगायची, मा बरी होतेय, मा येणार आहे. तो म्हणायचा, अच्छा, अच्छा. एक दिवस म्हणाला, कल आना. दुसऱ्या दिवशी गेले तर तंबूच नव्हता. बांबू उपटलेले खड्डे होते."

"त्यांना समजलं नसेल," मी म्हणाले. "बंगाली येत नव्हतं त्यांना."

"'मा' कळायला बंगाली लागतं?"

सलीलने माझ्या पाठीवर हात ठेवला. शोभा सांगतच राहिली. आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. मा इस्पितळातून आली आणि तंबूच्या जागी बसून राहिली. छावणीतलं रेशन बंद झालं होतं, माणसं परत नेणारे ट्रक लागले होते. बाप म्हणाला, चल, शेत नांगरायचं आहे, पोरगी मेली असं समज. ती ट्रकमध्ये चढली नाही. बाप दोन्ही मुलांना घेऊन गेला. शोभाने माचा पदर सोडला नाही म्हणून ती मागे राहिली. बाप पुन्हा दिसला नाही, भाऊही नाहीत. मायलेकी सियालदहला घाऊक बाजाराच्या बाहेर राहिल्या, सांडलेला भाजीपाला निवडून विकत. नंतर बजबजला मिलमध्ये गोणपाट शिवायचं काम मिळालं. सवड मिळाली की तरुबाला सॉल्ट लेकला जायची. तिथे इमारती उभ्या राहत होत्या. ती गवंड्यांना विचारायची, वॉचमनला विचारायची, एक मुलगी, पायाची दोन बोटं जोडलेली. लोक तिला वेडी म्हणायचे. शेवटी छातीच्या दुखण्यात गेली.

"तू जिवंत असशील असं मला कधी वाटलं नाही," शोभा म्हणाली. "तिला वाटायचं. मी तिच्याशी भांडायची त्यावरून."

घरी आले तेव्हा आई भाजी निवडत बसली होती. मी समोर बसले. कुठून सुरुवात करावी ते कळेना.

"आई, माझी आई मेली नव्हती तेव्हा."

तिचे हात थांबले. पण ती दचकली नाही. उलट इतकी वर्षं खांद्यावर असलेलं काही तरी खाली ठेवल्यासारखी बसली.

"नव्हती," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"तुला आणलं आणि तिसऱ्या दिवशी ह्यांनी सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, बाई वाचायची नाही. छावणी उठत होती, तुला अनाथाश्रमात देणार होते. ह्यांनी उचलून आणलं. पण इथे आल्यावर ह्यांची झोप उडाली. ती पोरगी रोज येत होती म्हणे, सांगत होती आई बरी होतेय. म्हणाले, सुधा, आपण हिला परत नेऊ. तिकीट काढून आणलं."

"मग?"

"माझी दोन बाळं गेली होती, यामिनी. दोन्ही पाळण्यातच. तू माझ्या हातून दूध प्यायला लागली होतीस. मी दारात आडवी पडले. म्हटलं, मला ओलांडून जा." तिने भाजीची जुडी पुन्हा हातात घेतली, मग ठेवून दिली. "ते नाही ओलांडू शकले. माणूस साधा होता. पुढे तुला ती गोष्ट सांगायला लागले. सांगून सांगून त्यांना ती खरीच वाटायला लागली असेल."

मी तिच्याशी बोलणं सोडलं. जेवण वाढायचे, औषधं हातावर ठेवायचे, पण बोलत नव्हते. सलील म्हणायचा, ती म्हातारी आहे, तू किती दिवस अशी राहणार? नूपुर फोनवर रडली. आणि मग एके दिवशी आईच म्हणाली, "मला त्या मुलीकडे ने."

"कशाला?"

"तिची आई असती तर तिच्याकडे गेले असते. आता तीच आहे."

टॅक्सीने गेलो. शोभाला मी आधी कळवलं होतं. ती नको म्हणाली नव्हती, ये असंही म्हणाली नव्हती. आभाने आईला खुर्ची दिली. शोभा खाटेवरच. आईला मराठीखेरीज काही बोलता येत नाही, त्यामुळे दोघींच्या मध्ये मीच बसले.

"तिला सांग," आईने हात जोडले, "मी अपराधी आहे. तुझी आई तिकडे बसून होती आणि मी इकडे तिच्या लेकीला जोजवत होते. मला क्षमा कर म्हणावं."

मी सांगितलं. 'जोजवणं' मला बंगालीत सांगता येईना, म्हणून मी हातांनी करून दाखवलं. स्वतःचेच रिकामे हात हलवत राहिले.

माझ्याकडे न बघता शोभाने विचारलं, "तिला विचार, टुनू रडायची का?"

मी विचारलं.

"रडायची," आई म्हणाली. "पहिले पहिले फार. दाराकडे बघून मा, मा करायची. मी समोर जाऊन उभी राहायचे, तर ती बाजूने वाकून माझ्या मागे बघायची."

हे मी कसं सांगू? मला वाटलं, सांगावं की रडत नव्हती, लगेच रमली. मी खोटं बोलले असते तर दोघींनाही कळलं नसतं. पण खोटं आधीच फार झालं होतं. मी जसंच्या तसं सांगितलं.

शोभाचा चेहरा पिळवटला. ती उठली, आतल्या बाजूला गेली आणि भांड्यांच्या फळीला धरून, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. फळीवरची ताटं वाजत होती. आभा तिच्याजवळ गेली तर तिने तिला ढकललं. थोड्या वेळाने तशीच पाठमोरी म्हणाली, "हिला घेऊन जा. पुन्हा आणू नकोस. तू ये."

परत येताना टॅक्सीत आई खिडकीला डोकं टेकून बसली होती. तेलाच्या डेपोंच्या भिंती मागे पडल्या, तेव्हा म्हणाली, "क्षमा मागितली, ते खरं होतं. पण एक तिला सांगितलं नाही."

"काय?"

"पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा दारात आडवी पडेन."

मला राग यायला हवा होता, आणि आलाही. पण त्या क्षणी तिचा हात सीटवर माझ्या शेजारी होता आणि तो मी धरला. का धरला ते मला अजून सांगता येत नाही.

आभाने खुलन्याकडे चौकशी केली. बापाने दुसरं लग्न केलं होतं, तो कधीच वारला. एक भाऊ वादळात गेला. दुसऱ्याचा पत्ता लागला नाही. सलील पुढच्या मे महिन्यात निवृत्त होतोय, मग अमरावती. आईशी मी आता बोलते, कामापुरतं, कधी त्याहून जास्त. बाबांचा फोटो भिंतीवर आहे. तो उतरवायला मी दोनदा स्टुलावर चढले.

दर रविवारी मी बजबजला जाते. गेल्या वेळी शोभाने मला जेवायला वाढलं, भात आणि इलिश. आमच्या घरी मासे होत नाहीत. मी काटे काढायला लागले, पण मला जमेना. बारीक बारीक काटे बोटांना चिकटत होते, घास तोंडातून पुन्हा ताटात काढावा लागत होता. शोभा समोर बसून बघत होती. मला वाटलं, ती आता ताट ओढून घेईल आणि काटे काढून देईल. तिने हात पुढे केला नाही.

मी ताट तसंच अर्धं ठेवलं. तिने ते उचललं आणि म्हणाली, "ऊन उतरलंय. नीघ आता. तुझी म्हातारी जेवायची थांबली असेल."