भरतीच्या पुस्तिकेतली जाहिरात

दोसिंदाचं पत्र आलं ते मी दारातच उभ्याउभ्या वाचलं, घडी घालून शब्दकोशाखाली ठेवलं आणि बटाटे सोलायला बसलो. उत्तर द्यायचं मनात होतं. दिलं नाही. निम्मा हिवाळा तसाच गेला.

पत्रात फार काही नव्हतं. ‘मास्तर, बँकेचा वकील म्हणतो जाहिरात स्पष्ट होती. गावातल्या सगळ्यात शिकलेल्या माणसाने, म्हणजे तुम्ही, ती वाचून सही केली, मग फसवणूक कसली? आमच्या वकीलबाईंना तुमच्याकडून एवढंच लिहून हवंय, की तुम्हालाही ती कळली नव्हती. सुनावणी ईस्टरच्या आधी आहे. पैसे परत मिळाले तर रामिरोला वृद्धाश्रमात ठेवता येईल. आता मला तो एकटीला उचलत नाही.’ रामिरो तिचा नवरा. त्याला आता माणसं ओळखू येत नाहीत. पत्रातली अक्षरं मीच तिच्याकडून गिरवून घेतलेली होती.

आमच्या खाडीत बायका ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढतात. गुडघाभर पाण्यात, वाकून, दाताळ्याने वाळू उकरत. दर नव्या वर्षाला बचत बँक गावात भरती-ओहोटीची छोटी पुस्तिका फुकट वाटायची. एप्रनच्या खिशात मावेल एवढी. पाणी कधी उतरणार, कधी चढणार, उधाण कधी, कमी भरतीचा भांग कधी. लग्नाची तारीखसुद्धा त्या पुस्तिकेत बघून ठरायची, कारण उधाणाच्या ओहोटीला, पाणी सगळ्यात खाली जातं तेव्हा, काम सोडून कोणी बाई चर्चमध्ये आली नसती.

मी संध्याकाळचे वर्ग सुरू केले तेव्हा या बायकांना मुलांची वाचनमाला देताना मला संकोच वाटला. मग मी त्यांना त्या पुस्तिकेवरच वाचायला शिकवलं. दोसिंदाने आयुष्यात स्वतः वाचलेला पहिला शब्द ‘ओहोटी’. दुसऱ्या दिवशी ती पुस्तिका घेऊन वाळूवर गेली आणि पाणी खरंच त्या वेळेला उतरलं. तिने वर्गात येऊन सांगितलं, “लिहिलंय तसंच झालं.” त्या पुस्तिकेत एकदाही काही चुकलं नाही. निदान मला तरी आठवत नाही.

मग एका वर्षी प्रत्येक महिन्याच्या पानाखाली जाहिरात आली. पिकल्या केसांचं एक जोडपं, अनवाणी, वाळूवर. ‘तुमची बचत भरतीसारखी. जाते, आणि नेहमी परत येते. निवृत्तांसाठी खास.’ शाखेचा व्यवस्थापक सेव्हेरिनो आमच्याच गावचा. तो म्हणायचा, साध्या ठेवी आता जुन्या झाल्या, हे त्यापेक्षा चांगलं, हवे तेव्हा काढा. सगळ्यांनी त्या योजनेच्या कागदांवर सह्या केल्या. मीही केली.

मी कागद घरी आणून वाचले होते. एक वाक्य अर्धं पान चालत होतं. शेवटाला पोचेपर्यंत कर्ता कोण होता ते विसरायला व्हायचं. मला वाटलं, दोष माझा आहे. कादंबऱ्या वाचणाऱ्या माणसाला पैशातलं काय कळणार. आणि पुस्तिकेत पानाखाली तर लिहिलं होतं, परत येते.

पुढे कळलं, त्या कागदाला मुदतच नव्हती. बँकेने मुद्दल कधीच परत केलं नाही तरी चालणार होतं. कागद दुसऱ्या कोणाला विकला तरच पैसे, आणि बँक डगमगल्यावर विकत घेणार कोण?

दर शुक्रवारी बायका शाखेसमोर डबे वाजवत उभ्या राहू लागल्या. मी पलीकडच्या फुटपाथने जायचो. राग येत नव्हता. फार वेळ मांडी घातल्यावर पाय जसा आपला वाटत नाही, तसं काहीसं झालं होतं.

फेब्रुवारीत दोसिंदा स्वतःच आली.

“म्हटलं, मास्तर आहेत की गेले, बघून यावं,” ती म्हणाली.

“आहे.”

“मग पत्र पोचलं नसेल. पोस्टमन आळशीच आहे.”

“पोचलं.”

“बरं झालं विचारलं. उगाच त्याला शिव्या घालत होते.” ती खुर्चीवरची पुस्तकं बाजूला ठेवून बसली. तिने भिंतभर कपाटाकडे पाहिलं. “एवढं सगळं वाचलंत, आणि सेव्हेरिनोने तुम्हालाही आमच्याच टोपलीत घातलं.”

“मला वाटलं, मलाच कळत नाहीये. विचारायची लाज वाटली.”

“कोणाला विचारायची? सेव्हेरिनोला? त्याने स्वतःच्या आईलाही तेच विकलंय. शुक्रवारी सगळ्यात मोठा डबा तीच वाजवते. रविवारी त्याला जेवायलाही वाढते, पण बोलत नाही.”

मी कॉफी केली. तिने त्यात माझ्याकडची घरची दारू थोडी जास्तच ओतली.

“सुनावणीत ते सगळ्यांसमोर वाचून दाखवतील,” मी म्हणालो. “अख्ख्या गावाला वाचायला शिकवलं, आणि आता लिहून द्यायचं की मला वाचता आलं नाही.”

“वर्गात तुम्ही विचारायचात, ज्यांना समजलं नाही त्यांनी हात वर करा. आठवतं?”

“आठवतं.”

“आम्ही कोणी करायचो नाही. हाताला चिखलाचा वास यायचा. पण तुम्ही परत पहिल्यापासून सांगायचात, जसा काही कोणीतरी हात वर केलाच होता.” तिने कप खाली ठेवला. “आता आम्ही सगळ्या हात वर करून उभ्या आहोत, तर बँकेचा तो वकील म्हणतो, या बायकांना तसंही काय कळतं. तुमचा एक हात हवाय, मास्तर.”

मी कप उचलले.

“निघते. रामिरोला शेजारणीकडे बसवलंय. तो तिला आई म्हणतो, आणि तिला ते आवडत नाही. त्याच्यापेक्षा लहान आहे ना.”

ती गेल्यावर मी त्या वर्षीची पुस्तिका काढली. जाहिरात मोठ्याने वाचली, वर्गात वाचायचो तशी, शब्दावर बोट ठेवून. वरच्या ओळीत पाण्याची वेळ, खाली परत येणारी बचत. तोच टाइप, तीच शाई. मी टेबलाशी बसलो. पहिल्या मसुद्यात मी चांगली वाक्यं केली होती. ती फाडून टाकली आणि दोसिंदाला लिहायला शिकवलं होतं तसं लिहिलं.

‘मी या गावात शिक्षक होतो. ती जाहिरात मी वाचली. मूळ कागदही वाचले. मला समजले नाहीत. भरती-ओहोटीच्या पुस्तिकेत छापलेलं खोटं असेल असं मला वाटलं नाही, कारण त्या पुस्तिकेत कधी खोटं नसायचं. हे मी सुनावणीतही सांगेन.’

खाली सही केली. दोसिंदासाठी वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलं, ‘उशीर झाला,’ आणि पुढे काय लिहावं ते न सुचून तेवढंच ठेवलं. वाटलं होतं, लिहून झाल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

सकाळी दोन्ही कागद एका पाकिटात घालून टपाल कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या मुलीने पाकीट तराजूवर ठेवलं, दोसिंदाचा पत्ता वाचला आणि वर पाहिलं. तिची आजीही शुक्रवारी डबा वाजवते.

“साधं की रजिस्टर, मास्तर?”

“रजिस्टर. पोच पाहिजे.”

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.