उजवीकडून पहिली

"आई, मधे नको गं. त्या दाराच्या कडेला चिकटून उभी राहा," कॅमेरा डोळ्याला लावत लेक म्हणाली.

दुकानदाराला हसू आवरेना. लेन्स घ्यायला आलेलं गिऱ्हाईक समोरचा चेहरा कसा येतो ते बघतं. ही पोरगी मात्र अर्धा तास झाला, आईला कडेकडेला उभी करत होती.

"काका, या लेन्सच्या कडा पुसट येतायत."

"जुनी, स्वस्तातली वाइड लेन्स आहे ताई, जवळूनही सगळे मावतात. कडा पुसट येणारच, खोटं कशाला बोलू? कडेपर्यंत लख्ख हवं तर ती वरच्या फळीवरची घ्या."

वरच्या फळीवरच्या लेन्सची किंमत तिनं आल्याआल्याच विचारली होती. त्यानंतर मान वर करायची तिची हिंमत झाली नव्हती.

कडेपाशीच तिचं अडलं होतं, त्याला कारण होतं. आई शाळेत शिपाई. एकतीस वर्षं घंटा दिली, वर्ग उघडले, आणि दरवर्षीच्या फोटोत उजवीकडून पहिली उभी राहिली. शाळेचं अंगण अरुंद. फोटोग्राफर पाठ भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकायचा, तरी आई कधी अर्धी कापली जायची, कधी नुसता धुरकट डाग व्हायची. घरी कुणी आलं की ती ते फोटो बाहेर काढायची आणि डागावर बोट ठेवून कौतुकानं सांगायची, "ही मी." ते बोट लेकीला लहानपणापासून सलायचं. यंदा फोटोचं काम लेकीला मिळालं होतं, आणि आईचं हे नोकरीतलं शेवटचं वर्ष होतं.

तिनं लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र बारीक केलं. मग आणखी बारीक. "आई, आता उजेड जास्त लागेल, बाहेर उन्हात ये. कडेलाच हं."

या वेळी फोटो मोठा करून पाहिला, तर आईच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजून घ्याव्यात इतक्या स्वच्छ.

"जमलं की!" दुकानदारानं चष्मा कपाळावर चढवला. "स्वस्तातल्या लेन्सपायी एवढा आटापिटा कोण करतं, ताई! फक्त कडेची माणसं जरा रुंद दिसतील, सांगून ठेवतो."

"दिसू द्या," आई म्हणाली. "एकतीस वर्षं दिसलेच नाही. आता थोडी जास्त दिसेन."

फोटोच्या दिवशी मुख्याध्यापिकांनी आईचा हात धरला. "मावशी, यंदा तुम्ही मधे. माझ्या शेजारच्या खुर्चीत."

"नको बाई. मधे कुणीही नीट येतं. लेकीनं लेन्स माझ्या जागेसाठी निवडलीय." आई ताठ मानेनं चालत टोकाला गेली आणि पदर सारखा करून उभी राहिली. डोळे पुसल्याशिवाय लेकीला बटण दाबता येईना.

आठवड्यानं शेजारीण आली. आईनं फोटो तिच्या हातात दिला आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधले. शेजारणीची नजर डावीकडून सरकत टोकापर्यंत आली.

"अगंबाई, ही तू! कमरेच्या किल्ल्यासुद्धा दिसतायत की!"

आईनं मान डोलावली. हात मात्र पाठीमागेच ठेवले.