दादांकडचा विमा

लिफ्ट बंद पडली की अख्खी इमारत ज्याची वाट बघत बसते, त्याला स्वतःला मात्र जिन्यानेच वर जावं लागतं. यंत्र गच्चीवरच्या खोलीत, आणि लिफ्ट तर बंद. मग दुसरं काय करणार? तिच्या नवऱ्याने अशी उभी हयात जिने चढण्यात घालवली, हातात हत्यारांची पेटी आणि खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन. उजवा खुबा पार झिजला तेव्हा लोक हसून म्हणाले, लिफ्टवाल्याचे पाय कसे हो दुखतात? लोकांचं काय जातं म्हणायला. कूस बदलताना त्याच्या तोंडून जो आवाज निघायचा तो ऐकायला लोक येत नव्हते, ती होती.

डॉक्टर म्हणाले, सांधा बदला. सरकारी दवाखान्यातली रांग अशी, की नंबर लागेपर्यंत माणूस सरपटायला लागावा. खासगीचं तर नावच काढायला नको. शेवटी कंपनीतल्या कुणीतरी परदेशातला एक दवाखाना सुचवला. ऑपरेशन, मुक्काम, नंतरचा व्यायाम, सगळं इथल्यापेक्षा निम्म्यात. होतं-नव्हतं ते काढून दोघांनी तारीख पक्की केली. राहिलं होतं ते एकच काम, प्रवासाचा विमा. आणि नेमकी तिथेच माशी शिंकली.

ती पडदे शिवायच्या दुकानात कामाला होती. कापडाची गिऱ्हाइकं मालक सांभाळायचा. घरोघरी, ऑफिसांत जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची ती. योग बघा, त्याच आठवड्यात एका प्रवास कंपनीच्या ऑफिसात पडदे बसवायचे होते. ती स्टुलावर उभी राहून टेप लावत होती आणि खाली टेबलाशी बसलेली मुलगी एका गिऱ्हाइकाला विमा समजावत होती. ते गिऱ्हाईकही उपचारालाच निघालेलं. हिचे हात खिडकीला आणि कान टेबलाला.

गिऱ्हाईक गेल्यावर ती खाली उतरली आणि सरळ त्या मुलीसमोर जाऊन बसली. मुलगी चांगली होती, कंटाळली नाही. तिने सांगितलं, की साधा प्रवासविमा हा फिरायला जाणाऱ्यांचा. बॅग हरवली, पाय मुरगळला, अचानक ताप आला, तर तो कामाचा. पण तुम्ही मुळात ऑपरेशनसाठीच जाताय आणि त्या ऑपरेशनमध्येच काही बिघडलं, तर त्या विम्याला तुमचं काही देणंघेणं नाही. त्यासाठी वेगळा विमा असतो. त्यात दुसरं ऑपरेशन येतं, लांबलेला मुक्काम येतो, सोबतच्या माणसाचं राहणं येतं, वेळ पडली तर पेशंटला झोपवून घरी आणणंही येतं. महाग आहे, आणि निघायच्या आधीच घ्यावा लागतो. तिथे जाऊन मागितलात तर कुणी देत नाही.

तिने तेच सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. माप दोनदा घ्यायचं आणि कापड एकदाच कापायचं, ही तिची सवय. घरी आली ती अगदी हलकी होऊन. चला, एक चिंता मिटली.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि म्हणाला, "दादाशी बोलतो."

दादा म्हणजे तिचे थोरले दीर. विम्याचे एजंट. पण नुसतं एवढं सांगून भागायचं नाही. वडील गेले तेव्हा हा चड्डीत होता आणि दादांना नुकतंच मिसरूड फुटलं होतं. दादांनी कॉलेज सोडलं, दारोदार फिरून विमे विकले, आईला सांभाळलं, याला शिकवलं, लग्न लावून दिलं. त्या घरात दादांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं, आणि दादांच्या विम्याबाहेर तर कुणीच नव्हतं. घराचा, स्कूटरचा, जिवाचा, सगळा विमा दादांकडे. मांजर पाळलं असतं तर त्याचाही उतरवला असता. एका आतेभावाने एकदा गाडीचा विमा बँकेतून घेतला. दादा त्याला चकार शब्द बोलले नाहीत. पण त्या आतेभावाला आजतागायत घरात 'बँकवाला' म्हणतात, आणि तो आला की कुणीतरी हमखास विचारतं, काय, बँक काय म्हणते? हसत हसतच विचारतात. तो बिचारा हल्ली येत नाही.

तेव्हा दादांशी बोलण्यात वावगं काहीच नव्हतं. दादांकडेही तसा विमा असेल, असं तिने धरून चालावं यातही काही चूक नव्हती.

रविवारी दादा आले, विम्याचे कागद घेऊन. चहा झाला. ती खुर्ची ओढून बसली आणि तिने मुद्द्याला हात घातला. म्हणाली, ऑपरेशनमध्ये काही कमीजास्त झालं तर ते यात बसतं ना? प्रश्न दादांना होता. उत्तर नवऱ्याने दिलं.

"सगळं येतं त्यात. मी विचारलंय दादाला."

दादांनी कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला. चहा तर केव्हाच संपला होता. तिला वाटलं, आता बोलतील. पण ते उठले आणि म्हणाले, सांभाळून जा, पोचलात की फोन करा.

तेव्हा तिने पुन्हा विचारायला हवं होतं. परक्या मुलीला जे दोनदा विचारलं ते घरच्या माणसाला एकदाही नीट विचारता आलं नाही. कसं विचारणार? ज्याने नवऱ्याला हाताला धरून मोठं केलं त्याला म्हणायचं, की कुठे काय लिहिलंय ते दाखवा? भीड ही भिकेची बहीण, हे तिला लहानपणापासून पाठ होतं. पण म्हणी पाठ असून काय उपयोग, वेळेला तोंड उघडायला हवं ना.

ऑपरेशन छान झालं. परदेशातला तो दवाखाना लख्ख होता, नर्सबाया हसऱ्या होत्या, भाषा कळत नसली तरी हातवारे कळत होते. चार दिवसांत तो व्हरांड्यात चालायला लागला. चाकांच्या चौकटीला धरून, पण सरळ, न कण्हता. खिडकीपर्यंत जाऊन परत यायचा आणि तिला म्हणायचा, बघ, आता गच्चीवर धावत जाईन. ती रडली तेव्हा. चांगल्या दिवसांत रडून घेतलं ते बरंच झालं.

मग ताप आला. जखम लाल झाली, ओली झाली. डॉक्टरांनी पुन्हा उघडून आतून धुऊन काढलं, त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. आठवडाभर बरं वाटलं आणि ताप परत आला. तेव्हा डॉक्टर दुभाष्या बाईला घेऊन आले आणि खाटेच्या कडेला बसले. डॉक्टर खाटेवर बसतो तेव्हा समजून जायचं.

ते म्हणाले, नव्या सांध्याला जंतू लागलेत, तो काढावाच लागेल. पुढे दोन वाटा आहेत. एक म्हणजे औषध भरलेला तात्पुरता सांधा बसवायचा, कित्येक आठवडे सलाईनवर ठेवायचं आणि मग पुन्हा नवा सांधा. त्यात पाय वाचतो, माणूस चालतो. दुसरी म्हणजे सांधा काढायचा आणि तसंच शिवून टाकायचं. जखम भरते. पण पाय आखूड होतो, त्यावर भार टाकता येत नाही, कुबड्या कायमच्या. मग त्यांनी विचारलं, तुमचा विमा आहे ना?

आहे तर. तिने जिन्यात उभं राहून विमा कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड बोलत होती. प्रवास कशासाठी केलात, तिने विचारलं. आता हिला काय ठाऊक, की इथे ताकाला जाऊन भांडं लपवायचं असतं? हिने खरं ते सांगितलं. मुलगी म्हणाली, हा पर्यटनाचा विमा आहे मॅडम, ठरवून केलेल्या उपचारातलं काहीही यात बसत नाही. हिने पुन्हा विचारलं. मुलीने तेच, तेवढ्याच गोड आवाजात पुन्हा सांगितलं.

मग तिने दादांना फोन केला. दादा म्हणाले, मी बघतो काय होतं ते. त्यांनी हातपाय मारले, विमा कंपनीत साहेबांचे पाय धरले, नातेवाइकांकडून जमवाजमव केली. सगळं मिळून पहिल्या वाटेच्या खर्चाच्या निम्म्यापर्यंतही पोचलं नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एक मार्ग उरला होता, आणि तो त्या दुभाष्या बाईने सांगितला. एजंटने चुकीची माहिती देऊन विमा विकला अशी तक्रार केली, तर कंपनीला कधीकधी भरून द्यावं लागतं. वेळ लागतो, पण तोवर दवाखान्याशी बोलून बघू. तिच्या जिवात जीव आला. ती धावतच खोलीत गेली. नवरा तापात होता, डोळे मिटून पडला होता, पण तिचं सगळं ऐकलं त्याने.

"दादाविरुद्ध एक अक्षर लिहायचं नाही," तो म्हणाला. "माझी शपथ आहे."

ती भांडली. हात जोडले, पाया पडली, नको नको ते बोलली. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी त्याने सांधा काढून टाकायला संमती दिली.

आता तो कंपनीच्या तळमजल्यावर बसतो. कुठली लिफ्ट कुठे अडकली याचे फोन घेतो आणि दुसऱ्यांना पाठवतो. उजव्या बुटाला चार बोटं जाड तळवा आहे, काखेत कुबड्या आहेत. सकाळी त्याला खाटेवरून उठवायचं, न्हाणीघरात न्यायचं, बूट चढवायचा, खाली रिक्षापर्यंत पोचवायचं आणि मग धावतपळत दुकान गाठायचं, असा तिचा दिवस सुरू होतो. बाहेरची मापं मालकाने दुसरीला दिली. हिला वेळेवर जायला जमत नाही, त्याचं तरी काय चुकलं? इथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, एकदा जंतू लागलेला खुबा आहे, बघू, पण रांग तीच.

तिने दादांना सोडलं नाही. येईल-जाईल त्याला सांगितलं, की सख्ख्या भावाच्या पायाचं कमिशन खाल्लं या माणसाने. जावेला तोंडावर सांगितलं. घरात तर उठताबसता दादांचा उद्धार. नवरा ऐकायचा. जाऊ दे, म्हणायचा. तिला वाटायचं, काय हे देवमाणूस, पाय गेला तरी भावाला बोल लावत नाही. या एका गोष्टीसाठी तिला त्याचा अभिमानसुद्धा वाटायचा. आणि दादांची चीड दुप्पट व्हायची.

दादा मात्र दर रविवारी यायचे. ती कप आदळून निघून जायची. ते तो चहा मुकाट्याने प्यायचे.

एका रविवारी नवरा आत बूट चढवत होता आणि दादा कप ठेवायला म्हणून स्वयंपाकघरात आले. ते इतके जवळ आलेले तिला सहन झालं नाही. ती म्हणाली, "निदान खरं सांगायचंत. त्या दिवशी एक शब्द बोलला असतात, तर आज तो चालला असता."

दादांनी कप ओट्यावर ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाले, "मी सांगितलं होतं त्याला. आदल्या दिवशीच. ऑपरेशनवाला विमा माझ्या कंपनीत नाही, ती मुलगी म्हणते तो घे, म्हटलं. तो म्हणाला, तुझा सोडून परक्याचा घेऊ? मी फार बोललो. ऐकेना. आणि मग तुझ्यासमोर त्याने सगळं येतं म्हणून सांगितलं, तेव्हा त्याला खोटा कसा पाडू म्हणून मी गप्प बसलो. मला बरंही वाटलं होतं गं. धाकटा माझ्याकडून घेतोय म्हणून. ते पाप माझं. तू बोलतेस ते बरोबरच बोलतेस."

इतके महिने ज्याला शिव्या घातल्या तो हा, आणि ज्याला ओवाळत बसली तो आत बूट चढवतोय. ती आतल्या खोलीत गेली. तो खाटेच्या कडेवर बसून वाकून नाडी बांधायचा प्रयत्न करत होता. खुबा वाकत नाही, त्यामुळे ते त्याला जमत नाही, पण रविवारी तो प्रयत्न करतो.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्याने वर पाहिलं. तिच्यामागच्या दाराकडे पाहिलं. "हो."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू घेऊ दिला नसतास."

एवढ्या सरळपणे म्हणाला, की तिला आधी कळलंच नाही. मग तिच्या अंगाची आग आग झाली. आणि इतके महिने मी दादांना काय काय बोलत होते ते कानांनी ऐकत होतात, ती म्हणाली. तो म्हणाला, तक्रार केली असतीस तर दादाचं एजंटपण गेलं असतं, काही चूक नसताना. आणि नातेवाइकांत बोललीस तर निदान कंपनीपर्यंत गेलं नाही. मग, जणू बोलण्यासारखं एवढंच उरलंय अशा सुरात, म्हणाला, "दादाने माझ्यासाठी जन्म घालवला. माझा एक पाय गेला. काय मोठंसं?"

"दादांनी घालवला तो त्यांचा स्वतःचा होता," ती म्हणाली. "तुम्ही माझा घालवलात. मला न विचारता."

बाहेर दादांची खुर्ची वाजली. ते निघायच्या तयारीत होते.

"दादा, बस रे, येतोच मी," त्याने आतूनच हाक मारली. आणि उठण्यासाठी रोजच्यासारखा तिच्याकडे हात पुढे केला. ती वाकली. वाकली नसती तर तो पडला असता.