वाटेत आडवी गाडी

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं नाव, तिशी उलटली तरी सुटलं नव्हतं. आता मात्र ती दिवसभर एकाच जागी असायची, इस्पितळाच्या तळघरात, खिडकी नसलेल्या एक्स-रेच्या खोलीत. "श्वास घ्या. रोखा. हलू नका. हं, सोडा आता." सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. मोडलेली मनगटं, निखळलेले खांदे, तडकलेल्या बरगड्या. माणसांचे चेहरे तिच्या लक्षात राहत नसत, हाडं राहत.

तिथून सुटली की ती थेट थोरल्या बहिणीकडे जाई. पुढच्या खोलीत ताई पडदे शिवत बसलेली असे, आणि मागच्या पडवीत भाऊजी त्यांची डर्ट बाइक उघडून बसलेले. भाऊजी जुन्या टायरांवर नवं रबर चढवणाऱ्या, रिमोल्डिंगच्या कारखान्यात कामाला होते. आंघोळ करून आले तरी अंगाला तापलेल्या रबराचा वास यायचाच. सुट्टीच्या दिवशी लोक झोपा काढतात, हे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर मोटरसायकलच्या शर्यतीत पळत. कपाटावर जिंकलेले दोनचार कप होते. ताई त्यांत बटणं ठेवायची.

भाऊजींनीच आपली जुनी लाल गाडी तिला दिली, पडीक माळावर चालवायला शिकवली. आणि एके दिवशी नवख्यांच्या शर्यतीत तिचं नाव घातलं. तिला विचारून, पण ताईला न विचारता.

"घरात एक वेडा कमी होता का?" ताईने मशीन थांबवलं. "उद्या काही झालं तर आईला तोंड मी दाखवायचं."

"अगं, नवख्यांची फेरी आहे ती," भाऊजी म्हणाले. "त्यात सायकलवरची पोरंसुद्धा पुढे जातील."

"आणि ही रोज मोडलेली माणसं बघते ना? तरी अक्कल नाही ती नाहीच."

"बघते म्हणूनच जपून चालवेन, ताई."

ताईने मशीनचं चाक फिरवलं. म्हणजे बोलणं संपलं.

त्या दिवसापासून पडवीत शिकवणी सुरू झाली. भाऊजी हातातला पाना छडीसारखा नाचवत बोलायचे.

"टायरात हवा थोडी कमी ठेव. रस्त्यावरची हवा घेऊन दगडांत शिरलीस तर गाडी चेंडूसारखी टणाटण उडेल. बसून चालवायचं नाही. फूटरेस्टवर उभी राहा, गुडघे ढिले सोड. खाली गाडीला काय नाचायचं ते नाचू दे. आणि पुढच्या चाकाकडे बघू नकोस. ज्या दगडाकडे बघशील, नेमकी त्याच्यावर जाशील."

"मग बघू कुठे?"

"जिथे जायचंय तिथे. हँडल आवळून धरू नकोस, नाहीतर शेवटी पंजे असे वळतील की ब्रेकही दाबता यायचा नाही. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नकोस, आधी घरात घालून फिर. आणि झेंडा पडला की सगळे पिसाळल्यासारखे सुटतील. सुटू देत. पहिल्या वळणावर निम्मे एकमेकांच्या उरावर पडलेले असतात. आपण मागून जायचं, त्यांना नमस्कार करायचा आणि पुढे निघायचं. नंबर काढायचं डोक्यात आणू नकोस. संपवलीस तरी तुला खांद्यावर घेऊन नाचेन."

"तुमची कंबर बघा आधी," आतून ताईचा आवाज आला, आणि तिघंही हसली.

भिंगरीने बूट खरंच अंगवळणी पाडले. गुडघ्यापर्यंतचे ते अवजड बूट घालून ती कामावरही जायला लागली. खांदा दाखवायला आलेल्या एका आजोबांनी तिला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, "काय हो बाई, पाणी शिरणार आहे की काय इथे?"

शर्यतीच्या आदल्या दिवशी ती आणि भाऊजी सगळी वाट पायी फिरली. बंद पडलेल्या दगडखाणीतून निघालेली वाट झुडपांतून टेकडीवर चढत होती आणि माथ्यावरून एकदम पलीकडे कोसळत होती. त्या उताराला सगळे घसरगुंडी म्हणत. एका बाजूला काटेरी झुडपं, दुसऱ्या बाजूला खडक. माथ्यावर भाऊजी थांबले.

"ही जागा नीट बघून घे. खालून चढणाऱ्याला पलीकडचं काही दिसत नाही. इथे पडलीस तर आधी गाडी वाटेतून काढ. हातपाय नंतर मोज."

"आणि दुसरं कोणी पडलेलं दिसलं तर?"

"उठत असेल तर पुढे जा. उठत नसेल तर थांब. पण आधी पळत माथ्यावर ये आणि मागच्यांना अडव. त्याच्याकडे मग."

"मागच्यांना सावध करायला इथे झेंडेवाला असेल ना?"

"असेल. पण तो नाही असं धरून चाल."

शर्यतीच्या सकाळी ताई आली नाही. पडदे पोहोचवायचे आहेत म्हणाली. सराईतांना आधी सोडणार होते आणि त्यांची धूळ बसली की नवख्यांना. भाऊजी जाताना भिंगरीच्या हेल्मेटवर टिचकी मारून गेले. नवख्यांच्या रांगेत तिच्या शेजारी निळ्या हेल्मेटचा एक काटकुळा तरुण होता.

"मी बेकरीत असतो," त्याने न विचारताच सांगितलं. "भट्टीपुढे उभं राहून राहून कंटाळलो. तुम्ही?"

"मी तळघरात असते."

त्याला काय कळलं कोण जाणे, पण तो हसला. तेवढ्यात झेंडा पडला.

पहिली फेरी तिच्या आयुष्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट होती. पहिल्या वळणावर खरोखरच गाड्यांचा ढीग पडला होता आणि ती बाजूने सुळकन निघून गेली. घशात धूळ, दंडांत कळा, आणि छातीत काहीतरी मोकळं मोकळं होत चाललेलं. घसरगुंडीच्या माथ्यावर पिवळा झेंडा घेतलेला माणूस उभा होता. त्याने तिला हात केला. मागचा ब्रेक हलकेच धरत ती खाली उतरली आणि हेल्मेटच्या आत एकटीच ओरडली.

दुसऱ्या फेरीत झेंडेवाला जागेवर नव्हता. चढावर एकाचा घोटा मोडला होता आणि त्याला खांदा देऊन तो खाली घेऊन गेला होता, हे नंतर कळलं. भिंगरी माथा ओलांडून उतरली आणि वाटेच्या मधोमध तिला निळं हेल्मेट दिसलं.

तो बेकरीवाला उताणा पडला होता, डोकं उताराकडे. त्याची गाडी झुडपांत जाऊन पडली होती. भिंगरीने ब्रेक दाबला. लाल गाडी घसरली आणि वाटेत आडवी थांबली. ती तिने तशीच सोडली. मागून येणाऱ्याला लाल रंग लांबून दिसेल, तो थांबेल, असा विचार तिने केला. की तो विचार नंतर मनाने जोडून दिला, हे तिला पुढे कधीच नक्की सांगता आलं नाही.

भाऊजींचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. तिने माथ्याकडे पाहिलंसुद्धा. पण त्या पोराच्या घशातून गुळण्या केल्यासारखा आवाज येत होता. ती गुडघ्यांवर बसली, त्याचं हेल्मेट आपल्या गुडघ्यांत घट्ट धरलं, काच वर केली आणि बोटांनी जबडा पुढे ओढला. रक्त आणि माती बाहेर आली. मग श्वास आला. तिने हात काढून पाहिला, श्वास थांबला. पुन्हा जबडा धरला, तेव्हा पुन्हा सुरू झाला.

म्हणजे हात काढायची सोय नव्हती. तिथूनच ती माथ्याच्या दिशेने जिवाच्या आकांताने ओरडायला लागली.

वर येणाऱ्या इंजिनाचा आवाज तिने लगेच ओळखला. पडवीत तो आवाज तिने इतक्यांदा ऐकला होता. भाऊजी तिच्यापेक्षा एक अख्खी फेरी पुढे होते.

"थांबा! भाऊजी, थांबा!"

सराईत माणूस माथ्यावरून येतो तसेच ते आले, दोन्ही चाकं जमिनीपासून सुटलेली. त्यांना आडवी लाल गाडी दिसली असणार आणि गाडीच्या पलीकडे उतारावर ही दोघंही. झुडपांच्या बाजूला त्या पोराची गाडी पडलेली, वळायला एकच बाजू उरली होती. ते खडकाकडे वळले.

त्या आवाजाबद्दल भिंगरी कधीच कुणाशी बोलली नाही.

धूळ खाली बसायच्या आधी हाक आली. "भिंगरी? तू पडलीस का?"

"नाही. मी ठीक आहे. हलू नका, भाऊजी. अजिबात हलू नका."

"मग गाडी वाटेत कशाला..." ते थांबले. त्यांना तिच्या गुडघ्यांतलं निळं हेल्मेट दिसलं असावं. मग ते म्हणाले, "माझे पाय गाडीखाली आलेत का गं?"

तिने मान वळवली. त्यांची गाडी पार खाली झुडपांत अडकली होती. पाय त्यांच्यापुढे सरळ, मोकळे पडले होते.

"हो," ती म्हणाली. "गाडीखाली आलेत."

"तरीच. बधिर झालेत. तू आधी वर जा. अजून येतील."

"जाते," ती म्हणाली आणि जागची हलली नाही. दोन माणसं दोन बाजूंना पडली होती आणि तिला हात दोनच होते. ते दोन्ही एका परक्या पोराच्या जबड्यावर होते. पुढचा स्वार नवखा होता, भीत भीत, पाय घासत उतरला म्हणून वाचला. त्याला तिने माथ्यावर पिटाळलं.

इस्पितळात भाऊजींचा एक्स-रे तिच्याच खोलीत निघाला. तिच्याबरोबर काम करणाऱ्या मुलीने तिला बाहेर बसायला सांगितलं, पण ती आत गेली. पडद्यावर पाठीचा कणा उमटला आणि डॉक्टर यायच्या आधीच तिला सगळं कळलं. बाहेरच्या बाकावर ताई होती. बोटांना अजून पडद्याच्या कापडाचा दोरा चिकटलेला.

"तुला दिसलंय," ताई म्हणाली. "तोंडावर दिसतंय तुझ्या. सांग."

"कमरेखाली... चालता येईल असं वाटत नाही, ताई."

ताईने बोटाला चिकटलेला दोरा ओढून काढला. "वाटेत गाडी कोणाची होती?"

"माझी."

त्यानंतर ताई तिच्याशी बोलायची थांबली. भांडण नाही, शिव्याशाप नाहीत. भिंगरी रोज संध्याकाळी जायची, भाऊजींना कुशीवर वळवायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून उशा लावायची. ताई भाऊजींशी बोलायची, शेजारणीशी बोलायची, दारात आलेल्या मांजराशीही बोलायची. भिंगरी असली की तिच्यातून आरपार बघायची. शर्यत भरवणाऱ्यांनी झेंडेवाल्याला बोल लावला. झेंडेवाला म्हणाला, मोडलेल्या माणसाला मी टाकून यायला हवं होतं का? ज्याचं त्याचं बरोबर होतं. भाऊजी मात्र तिथे खाटेवर होते.

बेकरीवाला वाचला. जबडा तारांनी बांधलेला असतानाच तो आईला घेऊन ताईकडे आला. त्याला बोलता येत नव्हतं, आईला बोलवत नव्हतं. तिने खाली वाकून भिंगरीचे हात धरले आणि कपाळाला लावले. ताईने दोघांना बसवलं, पाणी दिलं. "पातळ काहीतरी देत जा त्याला, ताकद यायला हवी," असंही म्हणाली. मग आत गेली. आतून मशीनचा आवाज आला. त्या दिवशी शिवायला काहीच नव्हतं. रिकाम्या सुईखाली चाक नुसतं फिरत होतं.

पाहुणे गेल्यावर भाऊजी म्हणाले, "बस इथे. एकदा बोलून टाकू. तू थांबलीस ते बरोबर होतं."

भिंगरी खाटेच्या कडेला बसली.

"गाडी ठेवलीस ती चूक होती. ढकलायला कितीसा वेळ लागला असता? मी रोज इथे पडून तेवढीच गाडी बाजूला ढकलतो." त्यांचा आवाज चढला नाही. "तुला माफ केलं म्हणावं तर तसं वाटत नाही मला. राग आहे म्हणावं तर तू आली नाहीस की डोळे दाराकडे लागतात. यातलं काय खरं, ते मलाच कळत नाही. तू येत जा."

ती येत राहिली. हिवाळा गेला. चाकाची खुर्ची आली. खाटेवरून खुर्चीत घ्यायला दोन माणसं लागत, एक खांद्याकडे, एक पायांकडे. ते ताईला एकटीला जमेना. त्यासाठी बोलावं लागलं. "धर." "उचल." "सावकाश." एवढेच शब्द, भाऊजींच्या अंगावरून इकडून तिकडे जाणारे.

एका संध्याकाळी भाऊजींना खुर्चीत बसवून त्या दोघी चादर बदलत होत्या. भाऊजी पडवीत जाऊन बसले होते. चादरीचं टोक गादीखाली खोचता खोचता ताई म्हणाली, "त्या पोराला सोडून ह्यांच्याकडे आली असतीस तर?"

भिंगरीचे हात थांबले. "तर तो गेला असता."

"आणि हे?"

"हे असेच असते, ताई. कणा आधीच..."

"गाडी बाजूला केली असतीस तर?"

"तर हे चालत घरी आले असते."

ताई खाटेच्या कडेवर बसली. खोटं ऐकायची तयारी करून आलेल्या माणसाला खरं ऐकायला मिळावं, तसा तिचा चेहरा झाला होता. तिने चादरीवरून हात फिरवला. एक सुरकुती होती, ती जाईना.

"मला सगळं कळतं गं," ती म्हणाली. "त्याच्या आईचा चेहरा मी पाहिलाय. कळूनही काही होत नाही. तू दारातून आलीस की मला ती लाल गाडीच दिसते."

"मी यायची थांबू का?"

"मी तसं म्हटलं का?" ताई चिडून म्हणाली. कितीतरी महिन्यांनी ती बहिणीवर चिडली होती. मग उठली आणि उशी झटकून जागेवर ठेवली. "उद्या जरा लवकर ये. त्यांचे केस धुवायचेत. मला एकटीला खुर्ची मोरीत नेता येत नाही."

"येते," भिंगरी म्हणाली.

ताईने मळकी चादर तिच्या हातात दिली आणि ती आत दिवा लावायला गेली.