ओढ्याच्या मुखापासून चौतीस वाव

मित्रांनो, मी एक जुना खुंट आहे. हद्दीचा. कमरेइतका जमिनीवर दिसतो आणि त्याहून थोडा जास्त जमिनीत आहे. जिथे शेजाऱ्यांचा एकमेकांवर पुरता भरवसा असतो, तिथे माझ्यासारख्याला कोणी रोवत नाही. म्हणजे माझा जन्मच संशयातला, आणि चाळीस वर्षे मी तोच धंदा केला. कोण माझ्याकडे कसे बघतो, कोण माझ्याजवळ किती वेळ रेंगाळतो, हे मी टिपत आलो.

मी उलिनच्या लाकडाचा आहे. बारितो नदीकाठच्या आमच्या गावात सगळ्या घरांचे पाय याच लाकडाचे. ते पाण्यात टाकले तर दगडासारखे तळाशी जाते, आणि तिथे वर्षानुवर्षे कुजत नाही. बाहरून आणि दारमान या दोन शेजाऱ्यांनी एकच झाड पाडून त्याचे चार खुंट केले. तीन खुंटांवर बाहरूनने ओढ्याच्या मुखाशी, अगदी काठावर, होडी बांधायचा धक्का उभारला. चौथा मी. तिथून बाहरूनने हात पसरून वाव मोजत नदीकाठाने यायला सुरुवात केली. चाळीस वाव भरले तिथे मला रोवले. माझ्या एका बाजूला बाहरूनची जमीन, दुसऱ्या बाजूला दारमानची.

रोवण्याआधी गावच्या रिवाजाप्रमाणे एक बशी फोडली. पांढऱ्या बशीवर निळा मासा होता. माशाचे डोके बाहरूनच्या घरी गेले, शेपूट दारमानच्या घरी, आणि पोटाचा तुकडा माझ्या पायाशी हातभर खोल पुरला. पुढेमागे वाद झालाच तर तीन तुकडे जुळवायचे, म्हणजे खुंट जागचा हलला की नाही ते कळते.

पुढची वर्षे सुखाची होती. मुले माझ्यावर चढत. बाया धुतलेले कपडे माझ्यावर ठेवत. माझ्या शेजारी रंबुतानचे रोप आपोआप उगवले आणि त्याचे झाड झाले. दोन्ही घरांच्या ओसऱ्यांमध्ये एक फळी टाकलेली होती. तिच्यावरून बाहरूनची मुलगी मुर्सिदा आणि दारमानचा मुलगा अस्नावी येत-जात मोठे झाले. म्हातारे गेले, घरे या दोघांची झाली, तरी फळी तशीच होती.

मग गेल्या वर्षीचा पूर आला. गुरुवारी जमिनीच्या कागदासाठी मोजणीचे लोक येणार, असा निरोप त्यानंतर गावात आला. ज्या हद्दीवर दोघे शेजारी सही करतील, ती कायमची.

मुर्सिदाने वडिलांचा जुना कागद काढला. 'ओढ्याच्या मुखापासून खुंटापर्यंत चाळीस वाव.' ती काठाने मोजत आली. चौतीस भरले. परत गेली, पुन्हा मोजले. चौतीसच.

ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या पायाशी असलेल्या मातीकडे बघत राहिली. ती माती नवी होती, कारण पूर ओसरल्यावर अस्नावीने मला सरळ करून भोवती माती दाबली होती. मुर्सिदाने ते खिडकीतून पाहिले होते, पण तेव्हा तिला त्यात काही वावगे वाटले नव्हते.

त्या दुपारी तिने ओसरीवरची फळी ओढून घेतली.

"ताई, फळी कुठं गेली?" अस्नावीने पलीकडून विचारले. "जुमियातीनं तुझ्यासाठी आंबट मासा केलाय. मी काय उडत आणू?"

"मासा राहू द्या. माझी सहा वाव जमीन तेवढी आणून द्या."

"द्या? मला कधीपासून अहो-जाहो?"

"अस्नावी, पुरानंतर फावडं घेऊन खुंटाशी काय करत होतात?"

"तिरका झाला होता, सरळ केला."

"सरळ केला की सरकवला?"

अस्नावीची बायको जुमियाती दारातून ओरडली, "अगं बाई, तुझे हातच आखूड! नीट मोज!"

"आखूड हातांनी जास्त भरायला हवेत, कमी नाही!" मुर्सिदा म्हणाली. "बाबांचे हात माझ्याहून लांब होते."

हिशेब तिचा बरोबर होता. पुराने मला वाहून नेले असावे, असे एक जण म्हणाला, तर बाकीचे हसले. उलिन कधी वाहते का? ते हलवायला माणसाचे हात लागतात. संध्याकाळपर्यंत गावात अस्नावीशी कोणी धड बोलेना. पुरात मी कललो होतो, पण जागचा एक बोटही सरकलो नव्हतो, हे मला एकट्यालाच ठाऊक होते, आणि मला तोंड नव्हते.

बुधवारी सकाळी गावातले वडीलधारे तंबेरिनकाका आले. ते म्हणाले, "तुकडे आणा."

"खणा," अस्नावी म्हणाला. "खाली माशाचं पोट नाही निघालं, तर मी घराच्या फळ्या सोडवतो आणि हे गाव सोडून जातो."

खणले. हातभर खोलीवर तुकडा निघाला. काकांनी डोके, पोट, शेपूट एका पानावर मांडले. मासा पुरा झाला. अस्नावीने डोळे मिटून घेतले.

पण मुर्सिदा बोललीच. "ज्यानं खुंट हलवला, तो खालचा तुकडा हलवायला विसरेल होय?"

मित्रांनो, एकदा संशय आला की पुरावाही संशयित होतो. ते मी त्या दिवशी पाहिले.

तंबेरिनकाका गुडघ्यांवर बसले आणि खड्ड्यात हात घालून चाचपू लागले. "पोरी, इकडे ये. इथं हात लाव."

रंबुतानचे एक मूळ माझ्या पायाला वेढा घालून गेले होते, मनगटाएवढे जाड. जिथून तुकडा निघाला होता, तिथे त्याच्या सालीवर बशीच्या काठाची खोल खाच होती. तुकडा तिच्यात धरला की बरोबर बसत होता.

"एवढं मूळ पोसायला किती वर्षं लागतात?" काकांनी विचारले. "अस्नावीनं गेल्या वर्षी वाढवलं म्हणतेस?"

मुर्सिदाने खाचेवरून दोनदा बोट फिरवले. मग हळूच म्हणाली, "मग माझे सहा वाव गेले कुठं?"

"तू मोजलंस कुठून?"

"ओढ्याच्या मुखापासून."

"मुखाचा काठ कोणता? तुझ्या बापाचा की आजचा?"

ती उठली आणि ओढ्याच्या मुखाशी जाऊन पाण्यात उतरली. नदी तेव्हा उतरलेली होती. पायांनी तळ चाचपत ती काठापासून आत आत गेली. छातीभर पाण्यात तिचा पाय ठेचकाळला. खाली तीन खुंट उभे होते, न कुजलेले. फळ्या कधीच वाहून गेलेला, सगळे विसरलेला तिच्या वडिलांचा धक्का. माझे सख्खे भाऊ.

तिथून तिने पुन्हा वाव मोजायला घेतले. पाण्यात सात, जमिनीवर चौतीस. एक्केचाळीस. आखूड हातांचा एक वाव जास्त भरला होता. नदीने काठ थोडा थोडा करून खाल्ला होता आणि शेवटचा मोठा घास पुरात घेतला होता. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. नदीवर कोणाचा संशय गेला नाही.

गुरुवारी सह्या झाल्या. पाण्यातली जमीन कोणाच्याच कागदावर आली नाही. दोन दिवसांनी मुर्सिदाने फळी परत टाकली. फळीवरून ती अस्नावीच्या ओसरीवर गेली आणि म्हणाली, "मासा उरलाय का रे?"

"तो कधीच संपला," अस्नावी म्हणाला. "बस. दुसरा करते ती."

इथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. पण मी जागचा हललो नाही हे दाखवण्यासाठी त्यांनी माझ्याभोवती खणले, आणि खणताना मला इतकी वर्षे धरून ठेवणारे ते मूळ तुटले. तुकडा परत पुरला, माती लोटली, पण उकरलेली माती पहिल्यासारखी घट्ट बसत नाही. आता मी पहिल्यांदाच खरोखर हलतो.

मुर्सिदा रोज सकाळी तांदूळ धुवायला जाताना थांबते आणि तिच्या बाजूची माती पायाने दाबते. ती गेल्यावर अस्नावी येतो आणि त्याच्या बाजूची दाबतो. दोघेही तेव्हा माझ्याकडे निरखून बघतात. ती काळजी आहे की पाळत, हे इतक्या वर्षांच्या सवयीनंतरही मला ओळखता येत नाही. मात्र माती दोघांच्याही पायांनी बसते आहे, एवढे मला जाणवते.

म्हणून सांगतो, मित्रांनो, शेजाऱ्याच्या दाराशी फावडे नेण्याआधी नदीत उतरून बघा. आणि माझ्यासारखा एखादा खुंट वाटेत दिसला, तर त्याला हलवून बघू नका. भोवतीची माती तेवढी दाबा आणि पुढे जा.