पडायची शिकवणी

"हलू नका. आवाजच मोठा आहे, बाकी काही नाही," प्लास्टरताई म्हणाली आणि कापायच्या मशीनचं थरथरतं पातं तिनं आधी स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवलं. "बघा, कातडीला काही होत नाही. कडक असेल तेवढंच कापतं हे."

समोरच्या स्टुलावर चष्म्याच्या दुकानात काम करणारी बाई बसली होती. वय चाळीसच्या आसपास, डाव्या मनगटावर सहा आठवड्यांचं मळकं प्लास्टर. ताईनं दोन्ही बाजूंनी सरळ रेघ मारल्यासारखं ते कापलं, चिमट्यानं फाकवलं, कापूस सोडवला. आतून नेहमी निघतो तसाच हात निघाला. बारीक, फिकट, सालपटं सुटलेला.

आता ही विचारणार, पूर्वीसारखं होईल ना? हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममधल्या बावीस वर्षांत ताईनं हा प्रश्न इतक्यांदा ऐकला होता, की उत्तर तिच्या ओठांवर तयारच असायचं. कोणी विचारायचं धुणं पिळता येईल का, कोणी विचारायचं गाडीला किक कधी मारू. चष्मेवालीनं बोटं हलवून बघितली आणि विचारलं,

"परत बोर्डवर कधी उभी राहू?"

"कसला बोर्ड?"

"स्केटबोर्ड. त्याच्यावरूनच तर पडले होते."

ताईनं कागद उलटून पाहिला. 'कसे पडले' या रकान्यात कोणीतरी नुसतं 'घसरून' असं लिहिलं होतं.

"या वयात?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही रविवारी या की बघायला. टेनिसच्या मैदानामागे, सिमेंटचे उतार केलेत तिथे. सकाळी सात ते नऊ. मी असेनच, नुसती बसलेली का होईना."

कोण जातंय, असं म्हणत ताईनं पुढच्या पेशंटला आत बोलावलं. पण त्या बाईचा प्रश्न मात्र जाईना. मोडलेलं माणूस जिथे मोडलं तिथेच परत जायला उतावीळ झालेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

रविवारी ती गेली. भाजी आणायला म्हणून निघाली आणि पिशवी हातात घेऊनच त्या उतारांच्या कडेला जाऊन उभी राहिली. आठ-दहा जण होते. एक टपाल खात्यातला टक्कल पडलेला माणूस हात पसरून असा काही वळण घेत होता, की त्याला बघून ताईला हसूच आलं; मग हसू विरलं आणि ती बघतच राहिली.

"बघायला आलात की करायला?" कठड्यावर बसलेल्या चष्मेवालीनं विचारलं.

"बघायला."

"मग पिशवी खाली ठेवा. बघताना जड होईल."

तिसऱ्या रविवारी ताईनं पिशवी घरीच ठेवली. चष्मेवालीनं तिच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, गुडघ्यांना आणि कोपरांना पट्टे बांधले, मनगटांवर कडक पट्टीचे रिस्टगार्ड घातले आणि तिला गवतावर नेलं.

"आधी पडायला शिकायचं."

"मला उभं राहायला शिकवा. पडायचं मी बावीस वर्षं बघतेय."

"बघताय. पण पडलात कधी शेवटच्या?"

ताईला आठवावं लागलं. सातवीत. शाळेच्या पायऱ्यांवरून. त्यानंतर पस्तीस वर्षांत एकदाही नाही. ओल्या फरशीवर ती भिंतीला धरून चालायची, पायरी उतरताना कठडा सोडायची नाही, रस्त्यानं जाताना नजर कायम पायांपुढच्या दोन हातांवर. एकेका पेशंटनं तिला एकेक भीती देऊन ठेवली होती आणि तिनं त्या सगळ्या निगुतीनं सांभाळल्या होत्या.

"गुडघे वाकवा. मुठी पोटाशी. खांद्यावर लोळायचं. हात टेकायचा नाही, काही झालं तरी."

ती पडली. गवत कानात गेलं. पुन्हा पडली. पंचवीस-तीस वेळा पडून झाल्यावर ती आकाशाकडे बघत उताणी पडून राहिली आणि तिला वाटलं, एवढंच होतं तर.

नवऱ्याला सांगणं त्याहून अवघड होतं. तो मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. शिकाऊ माणूस गाडी चालवतो आणि शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून त्याचा जन्म गेला होता. घरीही तो तसाच. दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करायचा, भांडण व्हायच्या आधी विषय बदलायचा. ताईनं विकत आणलेला बोर्ड त्यानं उलटा करून चारही चाकं फिरवून बघितली.

"याला ब्रेक कुठेय?"

"नसतो."

"नसतो म्हणजे?"

"पाय खाली टेकवायचा. नाहीतर पडायचं."

त्यानं बोर्ड भिंतीशी नीट उभा केला. "अगं, हातावर पोट आहे तुझं. रोजंदारी नसली म्हणून काय झालं, हाताचंच काम ना? मनगट गेलं तर काय करशील? आणि असं काय कमी पडलंय आपल्याला?"

"मीच कमी पडलेय आयुष्यात," ती म्हणाली. "तेवढं भरून काढते."

त्याला हसू आलं, पण त्यानं ते मिशीत जिरवलं. "मी यायचा नाही बघायला," एवढंच म्हणाला.

पुढचं वर्ष ताईला आपलं वाटलं. सुरुवातीला ढकललं की बोर्ड पुढे जायचा आणि ती मागे राहायची. मग दोघं बरोबर जायला लागले. पावसाळा संपता संपता तिला सपाटीवर वळता यायला लागलं आणि थंडीत एका सकाळी ती छोट्या उतारावरून खाली आली, समोरच्या उतारावर चढली आणि वर क्षणभर थांबून पाठमोरी परत आली. टपालवाल्यानं टाळ्या वाजवल्या. तिला कळेना, आपण हसतोय की रडतोय. नितंबांवर निळे डाग, कोपरावर खपल्या, आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिची मान सरळ झाली होती. रस्त्यानं जाताना ती आता समोर बघून चालायची.

प्लास्टर रूममध्ये सगळ्यांना ठाऊक झालं. धाकटी तिची चेष्टा करायची. धाकटी म्हणजे ताईच्या हाताखालची दुसरी टेक्निशियन. तशी पस्तिशीची, दोन मुलांची आई, पण सात वर्षं धाकटीच राहिली होती. त्याला कारण ताईच. हात-बोटांची साधी प्लास्टरं ती धाकटीला करू द्यायची, पण मांडीपासून पायापर्यंतचं मोठं प्लास्टर आलं की म्हणायची, "सरक, मी करते." बादलीत बुडवलेल्या बँडेजमधून बुडबुडे यायचे थांबले की ते उचलायचं, दोन्ही टोकं धरून हलकेच पिळायचं, आणि गुंडाळत जायचं, तळहातानं आकार द्यायचा, बोटं रुतू द्यायची नाहीत. ताईचं प्लास्टर हात फिरवला तर काचेसारखं लागायचं. मोठे डॉक्टरसुद्धा एक्स-रे बघून सांगायचे, हे ताईंनीच करायचं. धाकटी मुकाट्यानं कापूस कापत राहायची. यात तिला काय वाटतं, हे ताईनं कधी विचारलं नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका रविवारी मैदानावर ताईचा फोन वाजला. नवरा होता. पाण्याची टाकी भरत नाहीये, वरचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा? फोन उचलायला तिनं उजव्या हाताचा रिस्टगार्ड काढला होता. "डावीकडे फिरवा. डावीकडे. पूर्ण," असं सांगून तिनं फोन पिशवीत टाकला. नऊ वाजत आले होते. शेवटची एक फेरी मारू आणि निघू, म्हणून ती तशीच बोर्डवर चढली.

चाकाखाली बारीकसा खडा आला. बोर्ड जागच्या जागी अडला आणि ती पुढे गेली. मुठी पोटाशी, खांद्यावर लोळायचं, सगळं तिला माहीत होतं. पण माहिती पोचायच्या आत उजवा हात पुढे गेला होता.

ती उठून बसली. मनगट वाकडं झालं नव्हतं, फारसं सुजलंही नव्हतं. चष्मेवाली धावत आली आणि म्हणाली, "मुरगळलंय वाटतं, बर्फ लावू." ताईनं डाव्या हाताचं बोट उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तिथे खळगा पडतो ना, त्यात दाबलं. डोळ्यांपुढे पांढरं झालं.

"मोडलंय," ती म्हणाली. "एक्स-रेत आज दिसायचं नाही कदाचित. पण मोडलंय. बारीक हाड असतं इथे, फार हळू जुळतं."

नवरा गाडी घेऊन आला. हॉस्पिटलच्या फाटकाशी आल्यावर त्यानं विचारलं, "ते मनगटाचं घातलं नव्हतंस?"

"एकाच हाताचं काढलं होतं. घाम आला होता," ताई म्हणाली. फोनचं ती त्याला पुढेही कधी बोलली नाही.

मोठ्या डॉक्टरांनी खळग्यात दाबून बघितलं, एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि मान हलवली. "ताई, तुम्हाला मी काय सांगायचं?"

"दहा आठवडे," ताई म्हणाली.

"बारासुद्धा. आणि पूर्ण वाकेल याची खात्री मी देत नाही."

प्लास्टर रूममध्ये त्या दिवशी धाकटीच होती. ताई पेशंटच्या स्टुलावर बसली. इथून खोली वेगळीच दिसत होती. बादली मोठी, मशीन जवळ, आणि उभं असलेलं माणूस फार उंच. धाकटीनं कापूस गुंडाळला, बँडेज पाण्यात सोडलं. बुडबुडे येत होते. ताईला सांगावंसं वाटलं, अजून थांब. धाकटी थांबलेलीच होती.

"ताई, अंगठा असा धरा. ग्लास धरल्यासारखा."

"मला शिकवतेस?"

"हो," धाकटी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, हात कापत नव्हते.

ओलं बँडेज हातावर चढत गेलं. धाकटीचे तळवे मनगटावरून सावकाश फिरत होते, बोटं कुठेच रुतत नव्हती. आणि मग आतून ऊब यायला लागली. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे ताईनं हजारो लोकांना सांगितलं होतं. गरम लागेल, घाबरू नका. पण ती ऊब अशी हाडापर्यंत जाते, आणि आता आपल्या हाती काही उरलं नाही असं वाटायला लावते, हे तिला आज कळलं. तिचे डोळे भरून आले.

"दुखतंय का?"

"नाही गं. चांगलं झालंय." तिनं डाव्या हातानं प्लास्टरवरून हात फिरवला. काचेसारखं लागत होतं. "हे कधी शिकलीस तू?"

"सात वर्षं तुमच्या मागे उभी आहे ना."

बारा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, तेही धाकटीनंच कापलं. हाड जुळलं होतं, पण मनगट मागे अर्धंच वळत होतं. व्यायाम झाले, शेक झाले, तीन महिने गेले. भाजी चिरता यायची, लिहिता यायचं, मशीनही धरता यायचं. पण पिळता येत नव्हतं आणि मोठ्या प्लास्टरला जो सगळा तळवा टेकवून आकार द्यावा लागतो, तो द्यायला गेलं की हात अर्ध्यात अडायचा. डॉक्टर म्हणाले, आता जेवढं आलं तेवढंच.

कामावर परतल्यावर चौथ्या दिवशी मोठं प्लास्टर आलं. ट्रकवरून पडलेला हमाल होता, मांडीपासून खाली. धाकटी सवयीनं बाजूला सरकली. ताईनं हमालाची टाच डाव्या हातात घेतली आणि पाय उचलून धरला.

"कर तू," ती म्हणाली. "मी धरते."

धाकटीनं तिच्याकडे बघितलं, मग बाह्या वर केल्या. पाऊण तास लागला. ताईनं मध्ये दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. डॉक्टरांनी एक्स-रे बघितला आणि विचारलं, "हे कुणी केलं?" ताईनं हनुवटीनं धाकटीकडे दाखवलं. त्या संध्याकाळी बस थांब्यावर ती बराच वेळ बसून राहिली. दोन बस समोरून गेल्या, तरी ती उठली नाही.

घरी जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं, "रविवारी मी जाणार आहे."

त्याचा घास हातातच राहिला. "एवढं होऊनही?"

"त्या बोर्डनं माझं मनगट घेतलं, हे खरंय. पण जे दिलंय त्यानं, तेही माझ्याकडेच आहे. ते मी घरात भिंतीला लावून ठेवू का?"

"परत पडलीस तर?"

"पडणारच. तुम्ही शिकवता त्यांच्यातला एक तरी असा आहे का, ज्यानं कधी गाडी घासली नाही?"

"घासतात," तो म्हणाला. मग त्यानं ताट बाजूला सारलं. "घासतात आणि दुसऱ्या दिवशी येतात. जे येत नाहीत, ते परत कधी गाडी चालवत नाहीत."

रविवारी सकाळी ती निघाली, तर तो पायात चपला घालून दाराशी उभा होता. रिक्षात हेल्मेट त्यानं मांडीवर धरलं. मैदानावर चष्मेवालीनं लांबून हात केला, टपालवाला वळण घेता घेता थांबला, पण जवळ कोणी आलं नाही.

ताई कठड्यावर बसली. दोन्ही मनगटांना पट्टे बांधून झाले होते. ती बुटांची नाडी आवळायला वाकली. उजवा हात वळला नाही आणि नाडी बोटांतून सुटली. तिनं पुन्हा धरली. पुन्हा सुटली.

नवरा समोर उकिडवा बसला. ताईनं क्षणभर आजूबाजूला पाहिलं आणि मग पाय पुढे करून त्याच्या गुडघ्यावर ठेवला. त्यानं नाडी खालपासून एकेक भोक घेत आवळत वर आणली आणि गाठ मारली.

"झालं घट्ट?"

"अजून थोडं," ती म्हणाली.

त्यानं गाठ सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून आवळायला घेतली.